तळ्यातला मासा खाता आला, तरच तळं सुधारलं



गळीत हंगाम संपत आला की गावोगावच्या बैठकांतून तळ्याचा विषय हमखास निघतो. उन्हाने तळ उघडा पडलेला असतो, पोकलेन आणि टिपर मोकळे असतात, गाळ काढण्याची सरकारी योजना असते. मग ठराव होतो तो नेहमीचाच : गाळ काढा, कडेने दगडी पिचिंग करा, चार बाके टाका आणि रोहू-कटल्याचं बीज सोडा. नारळ फुटतो, फोटो निघतात. दोन पावसाळे गेले की तेच तळं पुन्हा जलपर्णीने झाकलेलं आणि वास मारणारं. असे का होते याचा विचार सभासदांनी करावा आणि येत्या वार्षिक सभेत तो मांडावा, एवढ्यासाठी हे टिपण.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. तळे चांगले दिसू लागले म्हणजे ते सुधारले असे नव्हे. त्यातला मासा लेकराबाळांच्या ताटात बिनघोर वाढता आला, म्हणजे ते सुधारले. आणि हे काम तळ्याच्या काठावर सुरू होत नाही. ते वर सुरू होते : गावाच्या गटारात, आपल्या उसाच्या फडात आणि आपल्या कारखान्याच्या आवारात.

या बाबतीत चांद्याकडचा मुलूख पाहण्यासारखा आहे. चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की आपल्यापुढे जंगल, वाघ आणि कोळसा उभा राहतो. (हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते.) पण हा मुलूख तळ्यांचाही आहे. शेजारचे भंडारा, गोंदिया आणि नागपूरचा काही भाग धरला तर तेथे सहा-सात हजार जुनी तळी आहेत. माजी मालगुजारी तलाव हे त्यांचे सरकारी नाव. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात.

ही तळी बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. चांद्याच्या गोंड राजाने आपल्या पूर्वजांना काशीकडून आणले, असे त्यांच्यात सांगतात. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की इंग्रजांच्या वेळच्या नोंदींत कोहळ्यांची ओळख दोनच शब्दांत आहे : तळी बांधणारे आणि ऊस पिकवणारे. ज्याने ऊस लावला त्यानेच तळे बांधले आणि राखले. पाणी शेतकऱ्याला, मासळी ढिवराला, माती कुंभाराला असा त्या तळ्याचा व्यवहार होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली आणि राखणारे हात सुटले. ऊसवाल्याचा आणि तळ्याचा संबंध काय, असे कोणी विचारले तर उत्तर या इतिहासात आहे.

आता खुद्द चंद्रपूर शहरातले उदाहरण घेऊ. तेथला रामाळा तलाव गोंड राजांच्या काळातला. शहर वाढले आणि मच्छीनाल्याने शहराचे सांडपाणी त्यात येऊ लागले. गाळ साचला, जलपर्णी माजली, पाण्याला दुर्गंधी सुटली. किल्ल्याचा परकोट साफ करणाऱ्या इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत या तळ्यासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. तेव्हा यंत्रणा हलली, पाणी सोडून देऊन तळे रिकामे करण्यात आले आणि गाळ उपसणे सुरू झाले. सत्याग्रहाची मागणी गाळापुरती नव्हती. नाल्याचे पाणी प्रक्रिया केल्याशिवाय तळ्यात येऊ नये, हीही मागणी होती. आमच्या मते सगळे मर्म याच मागणीत आहे.

गाळ डोळ्यांना दिसतो, टिपर मोजता येतात, एका उन्हाळ्यात काम उरकते. नाला रोखायचा तर यंत्र बसवावे लागते, ते रोज चालवावे लागते, विजेचे बिल भरावे लागते, माणूस नेमावा लागतो, आणि हे सारे वर्षानुवर्षे. गाळ उपसणे म्हणजे लग्न, नाला रोखणे म्हणजे संसार. लग्नाला गाव जमतं, संसाराला कोण येतो?

घाण दोन जातींची

माशाचा विचार करायचा तर आधी हे समजून घेतले पाहिजे की तळ्यात येणारी घाण दोन जातींची असते. एक कुजून संपणारी आणि दुसरी न संपणारी.

पहिल्या जातीत गावाचे सांडपाणी, शेणमूत आणि मळी येते. ही घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. ती किती खाईल याचे माप म्हणजे बीओडी. गावच्या सांडपाण्याचे हे माप लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. आसवनीतून निघणाऱ्या कच्च्या स्पेंट वॉशचे, ज्याला आपण मळीमिश्रित पाणी म्हणतो, ते ४० ते ५० हजार असते. म्हणजे स्पेंट वॉशचा एक टँकर ओढ्यात गेला तर सांडपाण्याचे दीड-दोनशे टँकर सोडल्यासारखे झाले. रोहू-कटल्याला लिटरला ४-५ मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. तो उरला नाही की मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात आणि दिवस उजाडता तळ्यावर पांढरा थर दिसतो. असे कुठेही झाले की लोक पहिले बोट साखर कारखान्याकडे दाखवतात. प्रत्येक वेळी ते बरोबर असते असे नाही. पण दर वेळी चूक असते असेही आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

तरीही ही घाण मर्यादेत असली तर निसर्ग ती पचवतो. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ मुलूख आहे. तेथे शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत उन्हात मुरवतात आणि त्यावर मासे वाढवतात. तेथली मच्छीमार मंडळी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. २००२ साली त्या जागेला रामसर यादीत स्थान मिळाले. म्हणजे गटाराच्या पाण्यानेच मासा बाद होतो असे नाही. पण त्या पाण्यात कारखान्याचे विष मिसळले तर हे गणित बिघडते.

दुसरी जात त्या विषाची : पारा, शिसे, कॅडमियम, काही कीटकनाशके. ही कुजत नाहीत. पाण्यात शोधली तर नावालाही सापडत नाहीत, पण गाळात बसतात. गाळातला प्राणवायू संपला की तेथले जिवाणू पाऱ्याचे रूप बदलतात. तो शेवाळ्यातून किड्यात, किड्यातून लहान माशात आणि लहान माशातून मरळीत चढत जातो. पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पट पारा मोठ्या शिकारी माशात साचू शकतो. सांडपाण्याने गाळ कुजवला की जुना पाराही जागा होतो. दोन्ही घाणी एकमेकींना अशी साथ देतात.

जपानात मिनामाता नावाचे गाव आहे. तेथल्या रासायनिक कारखान्याने पारा समुद्राच्या खाडीत सोडला. मासे खाणाऱ्या मांजरांना झटके येऊ लागले, मग माणसांना. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली, तरी कारखान्याचे विषारी पाणी १९६८ पर्यंत चालूच होते. दोन हजारांवर रोगी सरकारने मान्य केले. १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षे खाडीचा गाळ उपसावा लागला आणि मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ साली निघाली. पहिल्या नोंदीपासून मोजली तर ४१ वर्षे. तेथेही आधी विष बंद झाले, मग गाळ निघाला, मग मासे तपासले आणि शेवटी जाळी काढली.

जपान लांब आहे, असे कोणी म्हणेल. जुन्या सभासदांनी आठवून पाहावे. कांडी लावण्याआधी बेणे ज्या औषधाच्या द्रावणात बुडवीत होते ते अ‍ॅगॅलॉल, अ‍ॅरेटान कशाचे होते? पाऱ्याचे. तेव्हा शिफारसच तशी होती आणि उगवण चांगली होई. पुढे सरकारने इतर पिकांवर हे औषध बंद केले, तरी बटाटा आणि ऊस यांच्या बेण्याला मुभा राहिली. २०१८ साली ती पूर्ण काढून घेतली. त्या टाक्या कुठे धुतल्या गेल्या? उरलेले पाणी कुठे ओतले गेले? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असेल : जवळच्या ओढ्याला नाहीतर तळ्याला. आपल्या तळ्यात पारा आहेच असे आम्ही म्हणत नाही. पण तपासल्याशिवाय तो नाहीच असेही कोणी म्हणू नये.

चंद्रपूरला हा प्रश्न अधिक टोकदार आहे. कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद हे सारे तेथे एकत्र आले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी वरून चौथे होते. कोळशाच्या राखेत आणि धुरात पारा व इतर धातू असतात. अशा मुलखातले तळे जलपर्णी काढून आरशासारखे केले, तरी मासा ताटात घेण्याआधी विचारावे लागते. आपण त्या यादीत नाही म्हणून आपल्याला विचारण्याची गरज नाही, असे होत नाही.

कामाचा क्रम

म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिले काम वरून येणारे घाण पाणी थांबवणे. दुसरे, गाळ काढण्याआधी तो तपासणे. हे विशेष सांगण्याचे कारण, की हा गाळ आपण आपल्याच शेतात नेतो. स्वच्छ तळ्याचा गाळ सोन्यासारखा. पण गावाच्या गटाराचा आणि औषधांच्या डब्यांचा गाळ उसाच्या रानात पसरला तर तळ्यातले विष आपण शेतात नेले, एवढेच होईल. तिसरे, गाळ तळे कोरडे असताना काढावा. भरल्या पाण्यात ढवळला तर खाली बसलेले वर येते.

चौथी गोष्ट मशीनवाल्याला कळत नाही, ती ढिवरांना कळते. तळे सगळीकडून सारखे खोल करायचे नसते. मधे डोह हवा म्हणजे उन्हाळ्यात मासा जगतो, पण कडेला उथळ पाणी आणि पाणवनस्पती हव्यात. मासा तेथे अंडी घालतो आणि पिल्ले तेथे लपतात. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाबरोबर हे काम केले. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर बाया त्यात पुढे होत्या. त्यांनी तळ्यातली बेशरमीची झुडपे उपटली, तळाची जमीन नांगरली, पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी माशांना जागा करून दिली. या कामाला मोठे यंत्र लागले नाही. कोणती वनस्पती कोणत्या माशाची, हे ठाऊक असलेली माणसे लागली.

पाचवी गोष्ट हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातली मासळी हा सामूहिक हक्क मानला आहे, आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्याकडे जंगल नाही, पण तत्त्व तेच. वर्षाच्या बोलीने तळे घेणारा ठेकेदार पुढच्या वर्षाचा विचार कशाला करील? तळ्यावर ज्यांचे पोट आहे त्या मच्छीमार सहकारी संस्थेला लांब मुदतीने तळे द्या, म्हणजे नाल्यात काय येते यावर चोवीस तास नजर राहील. आपण स्वतः सहकारातली माणसे. दुसऱ्याची सहकारी संस्था उभी राहिली तर आपल्याला आनंद व्हायला हवा.

मासा खाताना

तळे सुधारेपर्यंत लोक मासे खाणे थांबवणार नाहीत, हे धरून चालले पाहिजे. म्हणून काही गोष्टी घरोघर माहीत हव्यात.

मरून तरंगणारा मासा खाऊ नये, विकू नये, वाळवूही नये. घासलेट किंवा औषधाचा वास येणारा मासा टाकून द्यावा. पाणी रंग कालवल्यासारखे हिरवेगार होऊन वर साय धरली असेल तर ते निवळेपर्यंत तेथला मासा आणू नये. त्या शेवाळ्याचे विष शिजवूनही जात नाही. सांडपाण्याच्या तळ्यातला मासा कल्ले आणि आतडी काढून, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुऊन, काटा सुटेपर्यंत शिजवावा. बारीक मासळी आतड्यासकट खाल्ली जाते, म्हणून अशा तळ्यातली ती टाळलेली बरी.

पण शिजवून मरतात ते जंतू, पारा नव्हे. कीटकनाशके चरबीत बसतात, त्यामुळे कातडे, पोटाकडची चरबी आणि काळीज काढले तर ती कमी होतात. पारा मात्र मांसातच असतो. सोलून, तळून, चिंच-कोकम घालून तो जात नाही. तेथे उपाय दोनच : कोणता मासा आणि किती. मरळ, शिवडा हे दुसऱ्या माशांवर जगणारे. मोठी आणि जुनी मरळ जास्त साठवते. मृगळ आणि सायप्रिनस गाळात तोंड घालतात. त्यामानाने मध्यम आकाराचा कटला-रोहू बरा. तपासणीचा कागद हाती येईपर्यंत गरोदर बाया आणि लहान मुले यांना संशयित तळ्यातली मोठी मरळ देऊ नये. बाळंतिणीला मरळ चांगली अशी समजूत अनेक घरांत आहे. ती चूक नाही, पण ती स्वच्छ पाण्यातल्या मरळीला लागू.

तपासणी पाण्याची पुरत नाही, माशाच्या मांसाची करावी लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, निरनिराळ्या जातींचे आणि आकारांचे मासे, वर्षातून दोनदा : एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा संपल्यावर. अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागला पाहिजे. साहेबांच्या कपाटातल्या अहवालाने कोणाचे पोट सुरक्षित होत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप माळकरी मंडळींचा : "आम्ही मासे खातच नाही, आम्हाला काय त्याचे?" आम्ही त्यांना एवढेच म्हणू की मासा हा तळ्याचा साक्षीदार आहे. तुमची विहीर त्याच पाण्याने भरते, तुमची जनावरे तेथेच पाणी पितात. आणि ज्यांना मटण परवडत नाही त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा तळ्यातलाच मासा शिजतो. ऊसतोडीला आलेल्या टोळ्याही मुक्कामाला तळ्याकाठीच असतात.

दुसरा आक्षेप अधिक जोरात येतो : "असे लिहून कारखाना बंद पाडायचा आहे काय?" मुळीच नाही. कारखाना आपला आहे, म्हणूनच लिहितो. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, देशाने १९७४ साली. बाहेरून बडगा येईपर्यंत वाट पाहणे परवडत नाही. आणि जे आपण घाण म्हणून टाकतो त्यात पैसा आहे. स्पेंट वॉशपासून गॅस निघतो. तो आटवून जाळला तर राखेत पालाश मिळते. मळीपासूनच्या या पालाशाला, किमान १४.५ टक्के प्रमाणाच्या, केंद्र सरकारने २०२१ साली अनुदानित खतांत घेतले. आपण परदेशी पोटॅश विकत घ्यायचे आणि घरचे ओढ्याला सोडायचे, हा कोणता हिशेब?

सभेपुढे ठेवण्याजोगा ठराव

आमची सूचना आहे की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पुढील आशयाचा ठराव यावा. एक, कार्यक्षेत्रातल्या सर्व गावतळ्यांची यादी करून प्रत्येकात वरून काय येते ते लिहावे. दोन, कारखान्याच्या आणि आसवनीच्या सांडपाण्याचे दरमहाचे आकडे सभासदांना याच पत्रिकेतून कळावेत. तीन, ज्या तळ्यांवर मच्छीमार कुटुंबे जगतात त्यांपैकी निदान दोन तळ्यांतले मासे आणि गाळ कारखान्याच्या खर्चाने तपासावा. चार, शेतकी खात्याने फवारणी पंप आणि बेणेप्रक्रियेच्या टाक्या ओढ्यावर धुण्यास मनाई करून रिकामे डबे गोळा करण्याची सोय गटवार करावी. वाळवीसाठी वापरतो ते क्लोरपायरीफॉस माशाला फार घातक आहे, हे शेतकी मदतनिसांनी बांधावर सांगावे. पाच, तपासणीशिवाय गाळ शेतात नेण्यास कारखान्याने साहाय्य देऊ नये.

खर्च किती येईल, असे विचारले जाईल. येईल थोडाबहुत. पण पिचिंग आणि बाकांवर आपण जो करतो त्यापुढे तपासणीचा खर्च नजरेत भरणारा नाही, आणि पंप ओढ्यावर न धुण्याला तर पैसेच लागत नाहीत.

कोहळ्यांनी ऊस लावला तेव्हा तळे आधी बांधले, कारण खालच्या शेताचे नशीब वरच्या पाण्यावर असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपण आज वरचे आहोत. आपल्या खाली तळे आहे, आणि त्या तळ्याकाठी कोणाची तरी चूल आहे. त्या चुलीवरच्या कालवणाची हमी आपण देऊ शकतो का, याचे उत्तर सभासदांनी सभेत द्यावे.